हरलेल्या देवांची प्रार्थना

घटस्थापना झाली की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लाल कापडात बांधलेली सप्तशतीची पोथी बाहेर निघते. कुणी रोज पूर्ण पाठ करतं, कुणी तेरा अध्याय नऊ दिवसांत वाटून घेतं, कुणी गुरुजींना बोलावून नवचंडी करतं. ज्यांना यातलं काहीच जमत नाही, ते निदान ‘या देवी’ या दोन शब्दांनी ओळखली जाणारी स्तुती म्हणतात. ती आता मंडपातल्या ध्वनिवर्धकावर ऐकू येते, भरतनाट्यमच्या कार्यक्रमात येते, मोबाइलवर सकाळी वाजते. तिची चाल पाठ असलेले लाखो लोक आहेत. पण ही प्रार्थना पहिल्यांदा कुणी म्हटली, कुठे म्हटली आणि ती म्हणायची वेळ त्याच्यावर का आली, हे विचारलं तर नित्य पाठ करणारी माणसंही थबकतात. याचं उत्तर पोथीतच आहे, आणि ते कळल्यावर त्या ओळी वेगळ्याच ऐकू येऊ लागतात.

सप्तशती म्हणजे देवीमाहात्म्य. मार्कंडेय पुराणाचे ८१ ते ९३ हे तेरा अध्याय. ७०० ही संख्या श्लोकांची नाही, मंत्रांची आहे. ‘ऋषिरुवाच’सारखी वाक्यं आणि अर्धे श्लोकही स्वतंत्र मंत्र धरले जातात, आणि आपण जिच्याविषयी बोलतो आहोत त्या स्तुतीतल्या एकेका श्लोकाचे तर तीन-तीन मंत्र मोजतात. या तेरा अध्यायांत चार मोठ्या स्तुती आहेत: पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि अकराव्या अध्यायात. बाकीचा बराचसा भाग युद्धाचा आहे. आपण युद्धाची गोष्ट लहानपणी ऐकतो आणि स्तुती मोठेपणी म्हणतो, त्यामुळे दोन्हींची फारकत होते. खरं तर यातली एकेक स्तुती कथेतल्या एकेका पेचातून जन्मली आहे आणि त्या पेचाची खूण तिच्या अंगावर आहे.

कथेची सुरुवात देवांपासून होत नाही, दोन माणसांपासून होते. सुरथ नावाचा राजा आपल्याहून कमी बळाच्या शत्रूकडून हरतो. राजधानीत परत येतो तर त्याचेच अमात्य कोश आणि सैन्य बळकावून बसतात. शिकारीचं निमित्त करून तो एकटाच घोड्यावर बसून रानात निघून जातो आणि मेधा ऋषींच्या आश्रमात पोचतो. तिथे त्याला समाधी नावाचा एक वैश्य भेटतो. श्रीमंत घरातला, पण पैशाच्या लोभाने बायकामुलांनीच त्याला घराबाहेर काढलेलं आहे.

इथे पुराणकाराची नजर फार सूक्ष्म आहे. राजाला चिंता कशाची वाटते? आपला तो मस्तवाल पट्टहत्ती आता वैऱ्यांच्या ताब्यात आहे, त्याला खाणंपिणं नीट मिळत असेल का, याची. कष्टाने जमवलेला कोश ते लोक उधळून टाकतील, याची. आणि वैश्याला चिंता वाटते ती ज्यांनी हाकललं त्याच बायकामुलांच्या खुशालीची. दोघांनाही कळतं की हा मोह आहे, आणि तरीही तो सुटत नाही. कळतं पण वळत नाही, ते असं का, एवढा एकच प्रश्न घेऊन ते मेधा ऋषींपुढे बसतात. ऋषी त्यांना पक्षी दाखवतात. स्वतः भुकेले असूनही पिलांच्या चोचीत दाणे घालणारे पक्षी. ही महामाया आहे, ऋषी म्हणतात. तीच बांधते आणि तीच सोडवते. मग राजा विचारतो, ही कोण, कुठून आली? आणि देवीची कथा सुरू होते.

हा सगळा प्रसंग मार्कंडेय ऋषी आपल्या क्रौष्टुकी नावाच्या शिष्याला सांगताहेत, आणि मार्कंडेयांचं ते सांगणं विंध्य पर्वतावरचे चार ज्ञानी पक्षी व्यासशिष्य जैमिनीला ऐकवताहेत. म्हणजे पोथी हाती घेणारा माणूस ही कथा कितीतरी मुखांतून गाळून आलेली ऐकत असतो. मला ही रचना केवळ पुराणांची सवय वाटत नाही. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अडलेलं आहे आणि विचारतं आहे. जैमिनीलाही महाभारताविषयीच्या शंका छळत होत्या म्हणूनच तो त्या पक्ष्यांकडे गेला.

पहिली स्तुती ब्रह्मदेवाची. प्रलय झाला आहे, सगळीकडे पाणीच पाणी आहे, विष्णू शेषावर झोपले आहेत. त्यांच्या कानातल्या मळातून मधू आणि कैटभ हे दोन असुर निघतात आणि नाभिकमळावर बसलेल्या ब्रह्मदेवाला मारायला धावतात. जो वाचवणार तो गाढ झोपेत आहे. अशा वेळी ब्रह्मदेव विष्णूला हाका मारत नाहीत. ते त्याच्या डोळ्यांत वस्तीला आलेल्या झोपेची, योगनिद्रेची प्रार्थना करतात. तूच यज्ञातला स्वाहाकार, तूच उच्चारता न येणारी अर्धी मात्रा, तूच सृष्टी करणारी, पाळणारी आणि गिळणारी, अशी तिची ओळख सांगून ते मोजकंच मागतात: याला जागं कर, यांना मारायची बुद्धी याला दे आणि या दोघांना भूल घाल. देवी विष्णूच्या डोळ्यांतून, मुखातून, नाकातून, बाहूंतून, हृदयातून बाहेर पडते तेव्हा विष्णू उठून बसतात. पुढे पाच हजार वर्षं बाहुयुद्ध होतं, असुर भुलून विष्णूलाच वर देऊ करतात आणि त्या वराने मरतात. देवी स्वतः शस्त्र उचलत नाही; तिचं काम भुलवणं आणि झोप उतरवणं एवढंच.

या स्तुतीला पाठ करणारे रात्रिसूक्त म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही एक रात्रिसूक्त आहे, त्यात लांडगा आणि चोर दूर राहोत म्हणून रात्रीलाच विनवलेलं आहे. सप्तशतीच्या पाठाआधी कवच, अर्गला, कीलक म्हणून झाल्यावर ते वैदिक रात्रिसूक्त म्हणण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि पाठानंतर त्याच मंडलातलं वाक् आंभृणीचं देवीसूक्त. अंधाराला आणि झोपेला घाबरून तिलाच आई म्हणण्याची ही वृत्ती पुराणांहून फार जुनी आहे.

महिषासुराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून ती थोडक्यात. देव आणि असुर शंभर वर्षं लढले, देव हरले, महिष इंद्र होऊन बसला. हरलेले देव ब्रह्मदेवाला पुढे घालून शिव-विष्णूंकडे गेले. त्यांच्या आणि सगळ्या देवांच्या शरीरांतून निघालेलं तेज एकवटून स्त्री झाली. शिवाने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वायूने धनुष्य, इंद्राने वज्र आणि ऐरावताची घंटा, हिमालयाने सिंह. या देवीच्या मूर्ती या ग्रंथाहूनही जुन्या आहेत. मथुरेच्या परिसरात कुषाण काळातल्या छोट्या महिषमर्दिनी सापडल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यात तर अख्खं युद्ध दगडात उभं आहे. तुळजापूरची भवानीही महिषमर्दिनीच.

चौथ्या अध्यायातली स्तुती या विजयानंतरची, म्हणून ती कृतज्ञतेची. इंद्रादी देव अंगावर काटा येऊन बोलतात, असं पोथी सांगते. तिच्यात एक विचार असा आहे की मला तो या ग्रंथाचा कळस वाटतो. देव म्हणतात, तू नुसतं पाहिलं असतंस तरी असुर जळून गेले असते. तरी तू शस्त्र चालवलंस, ते शस्त्राने पवित्र होऊन त्यांनाही चांगला लोक मिळावा म्हणून. शत्रूविषयीसुद्धा तुझी बुद्धी इतकी हिताची. ज्यांनी स्वर्गातून हाकललं त्यांच्या सद्गतीबद्दल जिंकलेल्यांनी आभार मानावेत, हे युद्धकथांमध्ये सहसा आढळत नाही. आणि शेवटी देव एक मागणं मागून ठेवतात: आम्ही आठवण काढू तेव्हा तेव्हा संकटं दूर कर. देवी तथास्तु म्हणते आणि अदृश्य होते. पुढची कथा या एका वचनावर उभी आहे.

कारण देव पुन्हा हरतात. या वेळी शुंभ आणि निशुंभ हे दोन भाऊ इंद्राचं राज्य, यज्ञातला हविर्भाग, सूर्य-चंद्र-कुबेर-वरुणांचे अधिकार सगळं हिसकावून घेतात. स्वर्गातून घालवलेले देव हिमालयावर जातात. त्यांच्याजवळ शस्त्र नाही, आसरा नाही, समोर देवीही नाही. आहे ते फक्त मागचं वचन आणि शब्द. तिथे, त्या अवस्थेत ते जी स्तुती करतात, ती आज मंडपामंडपात वाजते.

आता तिच्यात ते काय म्हणतात ते पाहा. ती देवी कुठल्या लोकात राहते, कशावर बसते, हातात काय घेते, यातलं अक्षरही पुढच्या ओळींत नाही. ती सगळ्या प्राणिमात्रांत कोणत्या रूपाने राहते, एवढंच देव सांगत जातात आणि दर वेळी नमस्कार करतात. विष्णुमाया, चेतना, बुद्धी, निद्रा, भूक, छाया, शक्ती, तृष्णा, क्षमा, जाती, लज्जा, शांती, श्रद्धा, कांती, लक्ष्मी, वृत्ती, स्मृती, दया, संतोष, आई आणि शेवटी भ्रांती. अशी एकवीस रूपं. सद्गुणांची यादी म्हणून ही स्तुती शिकवली जाते ती मला पुरती चूक वाटते. भूक हा सद्गुण नाही, तहान नाही. झोप आणि सावली तर गुणही नाहीत. आणि भ्रांती, म्हणजे चुकणं, भुलणं, हीसुद्धा देवीच. सगळं हरवून बसलेल्याजवळ जे उरतं त्यात ही रूपं बरीच आहेत. भूक उरते, झोप उरते, आठवण उरते, लाज उरते, आई आठवते, आणि आपलं कुठे चुकलं हेही कळेनासं होतं. ज्यांच्याकडून सत्ता, हविर्भाग, स्वर्ग गेला, त्यांनी जे कुणीच हिसकावू शकत नाही त्यात देवी पाहिली. सुरथाला आणि समाधीला ही कथा ऋषींनी का सांगितली ते इथे उलगडतं. त्यांचा मोह, ज्याने ते हैराण झाले होते, त्यालाही या यादीत जागा आहे.

स्तुती संपते आणि कथेत फार सुंदर प्रसंग येतो. पार्वती गंगेवर स्नानाला आलेली असते. ती देवांना अगदी साधेपणाने विचारते, तुम्ही कुणाची स्तुती करता आहात? देव उत्तर देण्याआधीच तिच्याच शरीरातून एक तेजस्वी रूप बाहेर येतं आणि सांगतं, हे माझं स्तोत्र आहे. शुंभाने हाकललेले, निशुंभाने हरवलेले हे देव इथे जमले आहेत. तिला लोक कौशिकी म्हणू लागले. आणि ती बाहेर पडल्यावर पार्वती काळी झाली, ती हिमालयात राहणारी कालिका. प्रार्थना ज्यांनी केली त्यांनाही ती कुणाकडे पोचते आहे हे ठाऊक नव्हतं, आणि जिच्याकडे पोचली तिलाही ते आधी कळलं नव्हतं. स्तोत्राच्या जन्माची यापेक्षा हृद्य कथा मला पुराणांत आढळलेली नाही.

पुढचं युद्ध मोठं आहे. धूम्रलोचन नुसत्या हुंकाराने भस्म होतो. चंड-मुंडांना मारून काली चामुंडा होते. रक्तबीजाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा असुर उभा राहतो म्हणून काली ते रक्त जमिनीवर पडूच देत नाही. शुंभ जेव्हा टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, तेव्हा देवी मदतीला आलेल्या सगळ्या मातृकांना, म्हणजे देवांच्या शक्तींना, स्वतःत सामावून घेते आणि या जगात मी एकटीच आहे असं सांगून एकटी लढते.

शुंभ पडल्यावर अग्नीला पुढे करून देव चौथी स्तुती म्हणतात, ती नारायणी स्तुती. देवीला सगळ्या मंगलांचं मांगल्य म्हणणारा, मराठी घरांत आरतीनंतर मुलांकडून म्हणवून घेतला जाणारा श्लोक याच स्तुतीतला आहे. राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या गोठ-मांगलोद गावी दधिमती मातेचं मंदिर आहे. तिथल्या शिलालेखात हा श्लोक कोरलेला आहे. लेखावरचं २८९ हे वर्ष गुप्त संवताचं मानलं तर तो इ.स. ६०८ चा ठरतो. देवीमाहात्म्याची रचना पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची, असं बरेच अभ्यासक मानतात, त्यामागे असे पुरावे आहेत. म्हणजे तो श्लोक चौदाशे वर्षांपूर्वीही इतका ओठांवर होता की कुणाला तो दगडावर कोरावासा वाटला.

त्याआधीच्या काळात देवीची अशी प्रार्थना होती का, हा प्रश्न साहजिक आहे. महाभारताच्या प्रचलित प्रतींत दोन दुर्गास्तोत्रं आहेत. विराटनगरीत शिरताना युधिष्ठिराने म्हटलेलं एक, आणि युद्धाच्या तोंडावर कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनाने म्हटलेलं दुसरं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा हस्तलिखितं ताडून पाहता ही दोन्ही स्तोत्रं मूळ संहितेत बसली नाहीत. ती मागून आलेली ठरून तळटीपांत आणि परिशिष्टात गेली. देवीला संपूर्ण विश्वाची एकमेव शक्ती म्हणून मध्यभागी बसवणारी सलग संस्कृत रचना म्हणून देवीमाहात्म्याचं महत्त्व त्यामुळे अधिकच ठळक होतं.

नारायणी स्तुतीनंतर देवी वर मागायला सांगते आणि पुढच्या अवतारांची वचनं देते. त्यातलं एक महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, तेव्हा मी माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी पाऊस येईपर्यंत जगाला जगवीन आणि शाकंभरी म्हणवीन, असं ती म्हणते. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचं शाकंभरी नवरात्र तुळजापुरात होतं. बदामीची बनशंकरी, जी कितीतरी मराठी घराण्यांची कुलदेवता आहे, ती शाकंभरीच मानली जाते आणि तिला भाज्यांचा नैवेद्य असतो. त्या ताटाचं मूळ देवांच्या चौथ्या प्रार्थनेला मिळालेल्या या उत्तरात आहे.

नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर तर ही पोथी भूगोलात उतरली आहे. गडासमोर मार्कंडेय डोंगर आहे. मार्कंडेय ऋषींनी त्या डोंगरावर बसून देवीचं माहात्म्य गायलं आणि देवी मान किंचित कलती करून ते ऐकते आहे, अशी श्रद्धा आहे. कड्यात कोरलेली अठरा हातांची ती मूर्ती शतकानुशतकांच्या शेंदराखाली झाकलेली होती. २०२२ मध्ये तो लेप उतरवण्यात आला आणि मूळ रूप भक्तांना दिसलं. देवीच्या स्तुतीविषयी कथा पुष्कळ आहेत, पण स्तुती ऐकत असलेल्या देवीची कल्पना करून तिची मान तशी पाहणं ही या गडाची देणगी आहे.

बंगालने याच स्तुतींना आवाज दिला. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महालयाच्या पहाटे ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम लागतो. संहिता बाणीकुमारांची, संगीत पंकज मल्लिकांचं, पठण वीरेंद्रकृष्ण भद्रांचं. १९७६ साली भद्रांच्या जागी उत्तमकुमारसारख्या लाडक्या नटाला घेऊन नवा कार्यक्रम केला, तर श्रोते इतके नाराज झाले की जुना परत आणावा लागला.

राजा आणि वैश्य यांचं पुढे काय झालं? सगळं ऐकून दोघे नदीकाठी गेले, मातीची देवी केली आणि तीन वर्षं आराधना केली. देवी प्रसन्न झाली तेव्हा राजाने गेलेलं राज्य मागितलं आणि वैश्याने ‘मी’ आणि ‘माझं’ सुटेल असं ज्ञान मागितलं. देवीने दोघांनाही हवं ते दिलं. राज्य मागणाऱ्याला तिने कमी लेखलं नाही; उलट पुढच्या जन्मी तो सूर्यपुत्र सावर्णी, आठवा मनू होईल असंही सांगितलं. ही सगळी कथा मार्कंडेय पुराणात येते ती या मनूची हकिगत सांगता सांगताच. प्रपंच मागावा की मोक्ष, या प्रश्नावर या ग्रंथाने दिलेलं हे उत्तर मला फार मोकळं वाटतं.

सप्तशतीवर मोठमोठ्या पंडितांनी लिहिलं आहे. काशीत राहिलेले मराठी वैयाकरण नागोजी भट्ट यांची टीका आहे, भास्कररायांची ‘गुप्तवती’ आहे. पण त्या वाटेला जायच्या आधी एक सोपी गोष्ट प्रत्येकाला करता येईल. पूर्ण पाठ जमत नसेल तर येत्या नवरात्रात पाचवा अध्याय मराठी अर्थासह सुरुवातीपासून वाचा. नुसती स्तुती काढून वाचू नका. देव कसे हरले तिथून सुरुवात करा आणि पार्वती प्रश्न विचारते तिथपर्यंत या. घरातल्या मुलांना स्तुती शिकवाल तेव्हा आधी हा प्रसंग सांगा, मग चाल.